इंतजामाचे प्राध्यापक

अनंत गावंडे आणि मी नागपूरच्या एकाच कॉलेजात, एकाच महिन्यात नोकरीला लागलो. मी रसायनशास्त्र शिकवायचो, तो जीवरसायन. आमच्या प्रयोगशाळा शेजारी शेजारी होत्या, मधल्या भिंतीत एक खिडकी होती, आणि त्या खिडकीतून तो मला रोज काहीतरी सांगायचा. त्याचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला होता, ती म्हणजे एन्झाइम. पेशीत कुठलीही वस्तू एका झटक्यात तयार होत नाही, पायरीपायरीने होते, प्रत्येक पायरीवर एक वेगळा एन्झाइम बसलेला असतो, आणि कोणाला कोणी हुकूम देत नसताना सगळं कसं बेतानं चालतं, हे सांगताना त्याचा चहा हमखास थंड व्हायचा.

त्याचे सासरे मारोतराव यांचा कामठीला लुगड्यांचा ठोक व्यापार होता आणि घर नागपुरातच, धरमपेठेत. मुलगी बघायला अनंत त्यांच्याकडे गेला तेव्हा मारोतरावांनी विचारलं होतं की कॉलेजात शिकवता काय. अनंतने सांगितलं, एन्झाइम. मारोतरावांना ऐकू आलं, इंतजाम.

मारोतराव खूश झाले. आयुष्यभर त्यांनी इंतजामच पाहिला होता: मालाचा इंतजाम, गाडीचा, पाहुण्यांचा. आता सरकारने त्याचीही डिग्री काढली, चांगलं झालं, असं त्यांना वाटलं. त्यांनी आपली थोरली शामला या मुलाला देऊन टाकली आणि पुढची पाच वर्षं गावभर सांगत राहिले की आमचे जावई इंतजामाचे प्राध्यापक आहेत.

हा घोटाळा पाच वर्षं टिकला, कारण दोघांचंही बोलणं एकमेकांना बरोबर लागू पडत होतं. मारोतराव विचारायचे, "काय म्हणते इंतजाम?" अनंतला वाटायचं, जुन्या माणसाची जीभ वळत नाही. तो सांगायचा की अजून पुष्कळ गोष्टी कळायच्या आहेत, पण एन्झाइमशिवाय शरीर एक मिनिट चालणार नाही. मारोतराव मान हलवायचे. दुकानही चालत नाही, म्हणायचे. शामलाला पहिल्या वर्षीच सगळं लक्षात आलं होतं. पण नवऱ्याला माहेरी इतका मान मिळतोय, तर कशाला बोला, म्हणून ती गप्प राहिली.

बहात्तर साली मारोतरावांच्या धाकट्या मुलीचं, गोपिकाचं लग्न मे महिन्यात करायचं ठरलं. मुलगा बुटीबोरीचा, घरची बागायती शेती, माणसं तालेवार. लग्न धरमपेठेत, घराशेजारच्या मोकळ्या जागेत मांडव घालून. मारोतरावांनी कामं वाटली आणि स्वयंपाकाची सगळी जबाबदारी अनंतवर टाकली. चार वडीलधारी मंडळी बसली असताना ते म्हणाले, "जावईबापू, तुमच्या लग्नात पुऱ्या इतक्या उरल्या का आमी सहा दिवस पुऱ्याच खाल्ल्या. म्हशीनंही तोंड फिरवलं. या बखत एक पुरी उरली नाई पाहिजे आन् एक कमी पडली नाई पाहिजे. तुमचा अभ्यास आहे, तुमीच पाहा."

दुसऱ्या कुणाला यात सासऱ्याने लावलेलं झेंगट दिसलं असतं. अनंत दुसऱ्या दिवशी खिडकीत उभा राहिला तो पाणावलेल्या डोळ्यांनी. सासऱ्यांनी आपला विषय इतका समजून घेतला असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"अरे, नेमका हाच प्रश्न पेशीपुढे असतो," तो म्हणाला. "उरू द्यायचं नाही आणि कमी पडू द्यायचं नाही."

मग त्याने मला जे सांगितलं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. एक साधा जिवाणू घ्या. त्याला एक अमिनो आम्ल हवं असतं. ते तो दुसऱ्या एका अमिनो आम्लापासून पाच पायऱ्यांत बनवतो. पाच पायऱ्या, पाच एन्झाइम. आता माल जास्त झाला तर थांबवायचं कुणी? तिथे मुकादम नसतो. तर शेवटी तयार झालेला मालच मागे जातो आणि पहिल्या पायरीवरच्या एन्झाइमवर जाऊन बसतो. जिथे त्याचं काम चालतं तिथे नाही, दुसऱ्याच एका जागी. तिथे तो बसला की एन्झाइमचा आकार बदलतो आणि काम बंद पडतं. पहिली पायरीच बंद, म्हणजे पुढच्या चार आपोआप बंद. माल वापरला गेला, कमी झाला, की एन्झाइमवर बसलेलाही सुटून जातो. एन्झाइम पुन्हा पहिल्यासारखा होतो आणि काम सुरू.

"आणि पुरीच्या पायऱ्या मोज," अनंत म्हणाला. "कणीक तिंबणं, उंडे पाडणं, लाटणं, तळणं, टोपल्यात भरणं. पाच."

मी म्हटलं, योगायोग आहे. त्याला ते आवडलं नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी सातलाच त्याने मांडवामागे, बांबूच्या तट्ट्यांच्या आड, सगळ्यांना उभं केलं. आचारी होता रुपराव, कळमेश्वरकडचा, पन्नाशीचा, आडव्या बांध्याचा माणूस. लग्नाच्या हंगामात त्याला श्वास घ्यायला फुरसत नसायची. कणीक तो स्वतः तिंबायचा, दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही. त्याच्यानंतर उंडे पाडणारे दोघे, मग लाटणाऱ्या आठ-दहा बाया, मग कढईवर रुपरावचा मेहुणा, आणि शेवटी कापड घातलेली दोन मोठी टोपली. लाटणाऱ्या बायांवर मनकर्णाआत्या. या मारोतरावांच्या चुलत बहीण, कामठीला राहायच्या. अंगाने काटक, आवाज मोठा. घराण्यातल्या पंचवीस-तीस लग्नांच्या पुऱ्या त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या.

अनंतने रुपरावला समजावलं की तो पहिला एन्झाइम आहे. रुपरावने विचारलं, म्हणजे मुख्य का? अनंत म्हणाला, हो, सगळा ताबा तुमच्याच पायरीवर. रुपरावला बरं वाटलं. मग अनंतने नियम सांगितला. उजवा हात कामाचा, डावा हात खुणेचा. दोन्ही टोपली काठोकाठ भरली की वरची एक पुरी आणून रुपरावच्या डाव्या हातावर ठेवायची. पुरी हातावर आली की त्याने काम थांबवायचं.

"एका हातानं तिंबीन ना गा मी," रुपराव म्हणाला.

"नाही. तुमचा आकार बदलला पाहिजे," अनंत म्हणाला. "तुम्ही तिंबता उकिडवे बसून. पुरी हातावर आली की सरळ मांडी घालायची, मागे टेकायचं आणि स्वस्थ बसायचं. पुरी काढून घेतली की पुन्हा उकिडवे."

रुपरावला वीस वर्षांत बऱ्याच जणांनी बरंच काही सांगितलं होतं, पण लग्नघरात स्वस्थ बस असं कुणीच सांगितलं नव्हतं. त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

पुरी नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे आलं. रसायनाचा प्राध्यापक असून मी हे कसं पत्करलं असं कुणी विचारू नये. अनंतला नाही म्हणणं सोपं नव्हतं. मनकर्णाआत्या हे सगळं लाटणं हातात धरून ऐकत होत्या. त्यांनी इतकंच विचारलं की टोपल्याकडे पाहून रुपरावले थांब म्हटलं तर चालत नाई का. अनंत म्हणाला की पेशीत थांब म्हणणारं कुणी नसतं. आत्यांनी पेशी कुठली, कोणत्या गावची, ते विचारलं नाही. पदर खोचला आणि बसल्या.

आणि सांगायला हरकत नाही, सुरुवातीला ते झकास चाललं. नऊ वाजता यायची वरात आली नाही. ट्रकचं चाक वाटेत बसल्याचा निरोप आला. एरवी अशा वेळी आचारी तळतच राहतात आणि पुऱ्यांचे ढीग लागतात. इथे साडेदहाला दोन्ही टोपली भरली. मी वरची पुरी उचलली, चार पावलं चाललो आणि रुपरावच्या डाव्या हातावर ठेवली. त्याने कणकेचा हात झटकला, मांडी घातली, निंबाच्या बुंध्याला पाठ टेकली आणि डोळे मिटले. पाच मिनिटांत उंडे संपले. बायांनी लाटणी खाली ठेवली. कढईखालची लाकडं ओढून घेतली गेली. कुणी काही बोललं नव्हतं आणि सगळा कारखाना गार झाला होता.

अनंतने मारोतरावांना हाताला धरून आणलं. मारोतराव झाडाखाली पुरी घेऊन बसलेल्या रुपरावकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले की शिकलेल्या माणसाचा इंतजाम वेगळाच असते.

वरात सव्वाअकराला आली, पण मुहूर्त साडेअकराचा होता म्हणून लग्न वेळेवर लागलं. वरपक्षाचे आहेर चालू होते, तोवर पहिल्या पंगतीला मुलीकडच्या लांबच्या पाहुण्यांना बसवलं. टोपली रिकामी होऊ लागली तशी मी जाऊन रुपरावच्या हातावरची पुरी काढून घेतली. अनंतच्या नियमाप्रमाणे ती खर्च व्हायला हवी होती, म्हणून मी ती खाल्ली. रुपराव उकिडवा बसला, कणीक फिरली, उंडे सुटले, टोपली पुन्हा भरली. पुन्हा पुरी, पुन्हा मांडी. अनंत मांडवाच्या कोपऱ्यात एका टेबलाशी उभा होता. तिथून त्याला पंगत दिसायची आणि तट्ट्यांच्या फटीतून रुपरावचा डावा हात. दुसरं काही बघायची गरजच नाही, असं त्याने मला सांगितलं. हात बघितला की पुऱ्यांचं कळतं.

दुसरी पंगत वरपक्षाची. तिच्यात पाटावर मधोमध नवऱ्या मुलाचे चुलत आजोबा, नानाजी, बसले होते. मोठ्या मिशांचे, पांढऱ्या फेट्याचे. बुटीबोरीकडच्या पाचपन्नास सोयरिकींत त्यांचा शब्द चालायचा, आणि दोन वर्षांपूर्वी कढी कोमट आली म्हणून ते एका लग्नातून भरल्या पानावरून उठले होते, हे मांडवात सगळ्यांना ठाऊक होतं.

पत्रावळी मांडल्या, आलूवांग्याची भाजी आली, बुंदी आली, पुऱ्या वाढल्या. टोपली उतरू लागली तसा मी मागे गेलो, रुपरावच्या हातावरची पुरी काढली आणि खाल्ली. ती माझी चौथी होती. मी वळलो तर मारोतरावांनी माझ्या हातात मठ्ठ्याचा गडू दिला आणि वाढायला पिटाळलं, कारण वाढपी कमी पडत होते.

यानंतर रुपरावने जे केलं ते त्याने मला मागाहून स्वतः सांगितलं. तो उकिडवा बसला होता. पण त्याच्या पाठीला त्या बुंध्याची सवय लागली होती. मे महिना, दुपारचा एक, चुलवणाची धग. शेजारच्या परातीत तळलेले उडदाचे पापड रचलेले होते, लहान, गोल, फुगलेले. त्याने एक उचलला, डाव्या हातावर ठेवला आणि मांडी घातली. मनाने तो साफ होता. हातावर गोल काही असलं की बसायचं, असं त्याला सांगितलं होतं, आणि हातावर गोल काहीतरी होतं.

उंडे पाडणारे दोघे त्याच्याकडे पाहून थांबले. बाया थांबल्या. मनकर्णाआत्या नवऱ्या मुलीच्या आईला ओटीचं सामान काढून द्यायला घरात गेल्या होत्या. कढई थंड झाली.

पंगतीत पुऱ्या संपल्या. वाढपी रिकामं टोपलं घेऊन आत गेला आणि तसाच परत आला. नानाजींनी बुंदी बाजूला सारून पुरी मागितली. आणतो म्हणून सांगितलं. पाच मिनिटांनी त्यांनी पुन्हा मागितली. त्यांच्या आसपासच्या दहा-पंधरा जणांचे हातही पानावर थांबले. मी मठ्ठा टाकून अनंतकडे धावलो आणि सांगितलं की पुऱ्या संपल्या.

त्याने तट्ट्यांच्या फटीतून पाहिलं. "संपणं शक्य नाही," तो म्हणाला. "रुपरावच्या हातात पुरी आहे."

मी म्हटलं, टोपली रिकामी आहेत, मी डोळ्यांनी पाहून आलो. त्याने मला शांतपणे समजावलं की हातात पुरी असते तेव्हा टोपली भरलेली असतात, तेव्हा माझी पाहण्यात काहीतरी चूक होत असावी. मी त्याला हाताला धरून आत नेलं. त्याने टोपल्याच्या तळाशी हात फिरवला. मग रुपरावकडे पाहिलं. मग पुन्हा टोपल्याकडे. त्याचा चेहरा असा झाला होता की मला त्याची दया आली. पाच वर्षं ज्या गोष्टीवर त्याचा विश्वास होता ती पहिल्यांदाच त्याच्यासमोर खोटी ठरत होती, आणि तीही सासरी.

तो रुपरावजवळ गेला आणि त्याच्या हातावरची वस्तू उचलली. ती कर्रकन मोडली.

मला वाटलं आता रुपरावची काही धडगत नाही. पण अनंत तो मोडका पापड हातात धरून तिथेच उभा राहिला आणि हळूहळू त्याच्या तोंडावर असा आनंद पसरला की तसा मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता. तो म्हणाला, "खोटा माल. अरे, हा तर खोटा माल."

त्याचं म्हणणं असं होतं, आणि ते त्याने मला तिथल्या तिथे ऐकवलं, की जिवाणूंनाही असंच फसवता येतं. खऱ्या मालासारखी दिसणारी पण कामाची नसलेली एखादी वस्तू त्यांच्या पाण्यात घातली, की तीच जाऊन पहिल्या एन्झाइमवर बसते. एन्झाइमला वाटतं माल भरपूर आहे. तो काम बंद करतो, आणि खरा माल नाही म्हणून जिवाणूची वाढ खुंटते. परदेशात लोकांनी हे प्रयोग करून दाखवलंय. आणि इथे, धरमपेठेत, कुणी न सांगता, आपोआप घडलं. म्हणजे त्याची मांडणी चुकली नव्हती. उलट ती इतकी बरोबर होती की तिची खोडसुद्धा बरोबर निघाली.

मी म्हणालो की नानाजी उपाशी आहेत. त्याने ते ऐकलं असावं, कारण तो थेट पंगतीतच गेला. हातात अर्धा पापड, आणि नानाजींच्या पानासमोर उकिडवा बसून तो त्यांना सांगू लागला की तुम्हाला पुरी मिळत नाहीये याचं कारण फार सुंदर आहे. रांगेतले सगळे वाकून ऐकू लागले. नानाजींनी दोनदा पापडाकडे पाहिलं, एकदा अनंतकडे, आणि मग शेजाऱ्याला विचारलं की यायले उन्हाचं काही झालं का. त्यांचा डावा हात पाटावर टेकला गेला. माणूस उठायच्या आधी जसा हात टेकतो तसा.

मारोतराव मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. शामला घरातून बाहेर आली होती. ती लांबूनच इतकंच म्हणाली, "अहो." अनंत गप्प झाला.

त्याच वेळी मनकर्णाआत्या तट्ट्यांमागून आल्या. त्यांनी मागचं सगळं एका नजरेत पाहिलं होतं. त्यांच्या दोन हातांत भाताचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, होता आणि मागून एक बाई वरण घेऊन येत होती. त्यांनी सरळ नानाजींच्या पानावर भाताची मूद ठेवली.

इथे थोडं सांगायला हवं. काही घरांत जेवण वरणभातानेच सुरू होतं. या मंडळींत तसं नव्हतं. त्यांच्याकडे भात शेवटी, आणि भात वाढायला आला म्हणजे पाहुण्यांनी आता आटपावं असा त्याचा अर्थ. व्याह्याच्या पानावर चार पुऱ्यांनंतर भात वाढणं म्हणजे त्याला दार दाखवणं. सगळी पंगत नानाजींच्या मिशांकडे पाहत राहिली.

"हे काय आहे वं बाई?" नानाजी म्हणाले.

"मान आहे," आत्या म्हणाल्या, आणि भातावर तुपाची धार सोडली. "आमच्यात सगळ्यायले भात मागून. फक्त व्याही असला का त्याले अधामधात एकदा भात वाढतेत, गरम, तुपासंगं. मंग नव्यानं पुऱ्या. परत्येकाले थोडी वाढतेत असं? आजवर आमी तीनच माणसायले वाढला."

कोणत्या तीन माणसांना ते त्यांनी सांगितलं नाही, आणि नानाजींनी विचारलं नाही. त्यांनी पाटावरचा हात उचलला, फेटा नीट केला आणि भात कालवला. आपण चौथे आहोत हे त्यांच्या मनात उतरलं होतं. त्यांच्या रांगेतले बाकीचे आता आपल्या पानावर भात येतो की नाही हे बघू लागले. आत्यांनी तिघा-चौघांना वाढला, बाकीच्यांना मुद्दाम वगळलं, आणि वगळलेल्यांना पुऱ्यांपेक्षा भाताचीच हुरहूर लागली.

मग त्या मागे गेल्या. रुपरावला त्या काय बोलल्या ते मी इथे लिहू शकत नाही. त्यात पेशी नव्हती, आकार नव्हता, आणि कुठल्या हाताने काय करायचं हे मात्र अगदी स्पष्ट होतं. सात-आठ मिनिटांत कढईतून निघालेली पुरी थेट पंगतीत जाऊ लागली, टोपल्यात पडायला वेळच मिळाला नाही. अशी गरम, टम्म पुरी मोठ्या लग्नात कुणाच्याच वाट्याला येत नाही. नानाजींनी नऊ खाल्ल्या. उठताना त्यांनी मारोतरावांना सांगितलं की आधी भात खाल्ल्यानं पुरीले चव येते, हे आपल्याले आजवर ठाव नव्हतं.

संध्याकाळी मुलगी सासरी गेल्यावर अनंत झाडाखाली रुपरावजवळ जाऊन बसला. मला वाटलं जाब विचारतोय. तो माफी मागत होता. एन्झाइमला खरा माल आणि खोटा माल ओळखता येत नसेल तर तो एन्झाइमचा दोष नाही, असं त्याचं मत होतं. रुपरावने ते मोठ्या मनाने मान्य केलं. मग तो म्हणाला की जावईबापू, दुसरं काही असो, बसायचा नियम चांगला होता. पुढच्या हंगामात त्याने दोन-तीन लग्नांत तो नियम लावून पाहिला, असं कानावर आलं. तिथे पुरी ठेवणारं कुणी नसायचं, तो स्वतःच ठेवायचा.

मारोतरावांच्या मते सगळा इंतजाम बेस झाला. मधला गोंधळ त्यांच्या लेखी गोंधळ नव्हताच. एक सोडून दुसरी वाट तयार ठेवणं यालाच इंतजाम म्हणतात, आणि मनकर्णेला ते जावयाने आधीच सांगून ठेवलं असणार, असं त्यांनी धरून टाकलं. अनंतने खरं काय ते सांगायचा प्रयत्न केला. पेशीतसुद्धा एक वाट बंद झाली की कधीकधी दुसरी असते, पण ती आपण योजलेली नव्हती, असं तो म्हणाला. मारोतराव म्हणाले की मोठे लोक असंच म्हणतेत.

कॉलेज सुरू झाल्यावर अनंतने मनकर्णाआत्यांना वर्गात बोलवायचं मनात आणलं होतं. ते मी आणि शामलाने मिळून थांबवलं.

लग्नानंतर पंधरा दिवसांनी बुटीबोरीला मुलीकडच्या मंडळींचं जेवण होतं. अनंत, शामला, मारोतराव, आत्या, मी, असे सगळे एसटीने गेलो. पुरणपोळीचा बेत होता. दोन पोळ्या झाल्या, आणि एकदम नानाजी उभे राहिले. आतून चार जण भाताचा गंज घेऊन आले. त्याला हळदीकुंकू लावलेलं होतं. नानाजींनी स्वतःच्या हाताने मारोतरावांच्या पानावर मूद ठेवली, तुपाची धार सोडली, आणि सगळा वाडा शांत बसून मारोतराव ती मूद संपवतात का ते पाहू लागला. मारोतरावांना पुरणपोळीवर भात घशाखाली उतरेना. पण मानाचा प्रश्न होता. त्यांनी मूद संपवली. नानाजींनी दुसरी ठेवली.

आत्या खाली मान घालून पोळी खात होत्या. अनंत माझ्या कानाशी लागून म्हणाला की एकदा चालू झालेली गोष्ट बंद करायची सोय आधीच ठेवायला हवी होती. मी त्याला गप्प केलं.

वर्षभरात तिकडच्या तीन लग्नांत व्याह्याला अधेमध्ये भात वाढला गेला. एका ठिकाणी तो दुसऱ्या नंबरच्या व्याह्याला आधी वाढला म्हणून भांडण झालं, आणि निवाड्यासाठी माणसं गोपिकाकडे आली, कारण चाल तिच्या माहेरची. गोपिका तेव्हा वीस वर्षांची. तिने शामलाला आंतर्देशीय पत्र पाठवलं. ते शामलाने मला वाचायला दिलं होतं. त्यात लिहिलं होतं की सासूबाईंनी विचारलं, मूद ठेवताना लिंबाची फोड कोणत्या बाजूला. मला काही सुचेना. मी डाव्या म्हणून सांगितलं. आता आत्याला सांगून ठेव, कुणी विचारायला आलं तर तिनेही डावीच सांगावी, आणि आणखी काही विचारू लागले तर म्हणावं, गोपिकाले माहीत आहे.

शामलाने कामठीला जाऊन आत्यांना निरोप दिला. आत्यांनी तो नीट ऐकून घेतला. मग म्हणाल्या, "डावी काहून सांगितली? उजवीच असते."